कॅलिफोर्नियातला गांजा, त्यावरचा कर आणि न संपलेला काळाबाजार

पुण्यात अर्थशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न असा: अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी गांजा कायदेशीर केला आणि त्यावर कर बसवला. मग काळाबाजार संपायला हवा होता आणि परवाना घेतलेल्या दुकानदारांची भरभराट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात दुकानं बंद पडताहेत आणि चोरटा माल खपतोच आहे. हे करामुळे होतंय, की करावर उगाच खापर फोडलं जातंय?

मी कॅलिफोर्नियात सीपीए, म्हणजे सनदी लेखापाल आहे. गेली कित्येक वर्षं परवानाधारक दुकानं, शेतकरी आणि घाऊक वितरक यांचे हिशेब लिहिते, विवरणपत्रं भरते, नोटिसांना उत्तरं देते. त्या अनुभवावर सांगते: कराचा वाटा मोठा आहे. पण वर्तमानपत्रात छापून येणाऱ्या टक्केवारीवरून काहीच कळत नाही. कर कशावर लावलाय, साखळीतल्या कोणत्या टप्प्यावर लावलाय, आणि धंद्याला नफा झाला नाही तरी तो भरावाच लागतो का, या तीन गोष्टींवर दुकान तगतं किंवा बुडतं.

आधी एक पावती बघू. लॉस एंजेलिस शहरातलं दुकान, काउंटरवर 40 डॉलरची डबी. शहराचा गांजा-व्यवसाय कर 10 टक्के, म्हणजे 4 डॉलर. दुकानदाराने तो पावतीवर वेगळा दाखवला की राज्याचा 15 टक्के अबकारी कर 40 वर न लागता 44 वर लागतो: 6 डॉलर 60 सेंट. झाले 50.60. आता या सगळ्या रकमेवर विक्रीकर, लॉस एंजेलिसमध्ये 9.75 टक्के, म्हणजे 4.93. गिऱ्हाइकाने 55 डॉलर 53 सेंट मोजले. कराचे तीन दर सुटे सुटे बेरजेला धरले तर पावणेपस्तीस टक्के होतात, पण करावर कर चढत गेल्याने प्रत्यक्षात जवळजवळ 39 टक्के जातात. माझ्या एका अशिलाच्या दुकानात मी काउंटरमागे उभी असताना एका वयस्कर गिऱ्हाइकाने पावती तीनदा वाचली, डबी हळूच मागे सरकवली आणि निघून गेला. तो कुठे गेला हे काउंटरवरच्या मुलीलाही माहीत होतं आणि मलाही. फोनवर मेसेज केला की घरपोच माल आणून देणारे त्याच वस्तीत होते. त्यांच्याकडे पावतीही नाही आणि करही नाही.

हौसेने महिन्यातून एकदा येणाऱ्याला हे पंधरा डॉलर जाणवत नाहीत. जाणवतात ते रोज ओढणाऱ्याला, आणि खपाचा मोठा भाग त्याच्याच जिवावर असतो. प्रयोगशाळेत तपासलेला, कीटकनाशकं आणि बुरशी नसलेला माल यासाठी तो थोडे जास्त पैसे देतो, हे मी पाहिलंय. दीडपट मात्र देत नाही.

पावतीवर दिसतो तो कर झाला. न दिसणारा जास्त जीवघेणा आहे. त्याचं नाव कलम 280 ई.

हे केंद्राच्या, म्हणजे फेडरल आयकर कायद्यातलं कलम. त्याची कुळकथा अशी की 1981 मध्ये मिनियापोलिसच्या एका अमली पदार्थ विक्रेत्याने टॅक्स कोर्टात सांगितलं, माझा धंदा बेकायदेशीर असेल, पण खर्च तर खरा आहे ना? कोर्टाने त्याला तराजू, टेलिफोन, गाडी, अगदी घरभाड्याच्या काही भागाचीही वजावट दिली. अमेरिकेच्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, ते रुचलं नाही. 1982 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली: केंद्राच्या अमली पदार्थ कायद्यातल्या परिशिष्ट 1 किंवा 2 मधल्या, म्हणजे सर्वांत कडक याद्यांतल्या, पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला कसलीही वजावट नाही, कसलीही सवलत नाही. गांजा परिशिष्ट 1 मध्ये होता. पुढे राज्यांनी गांजा कायदेशीर केला, पण केंद्राच्या परिशिष्टातून तो निघाला नाही. त्यामुळे ज्याच्याकडे राज्याचा परवाना आहे, जो कामगारांचे पगार चेकने देतो, ज्याच्या दाराशी पहारेकरी आहे, त्यालाही आयकराच्या हिशेबात 1981 च्या त्या विक्रेत्याच्या रांगेत उभं केलं गेलं.

आकडे घालून बघा. एका दुकानाची वर्षाची विक्री 10 लाख डॉलर. मालाची खरेदी 5 लाख. उरलेल्या 5 लाखांत भाडं, पगार, विमा, सुरक्षा, वीज, संगणक मिळून 4 लाख 20 हजार गेले. खरा नफा 80 हजार. हे कपड्यांचं दुकान असतं तर 21 टक्क्यांनी 16,800 डॉलर आयकर भरून मालक मोकळा झाला असता. गांजाच्या दुकानाला खरेदीची किंमत तेवढी वजा करता येते, बाकी काही नाही. म्हणजे कर 5 लाखांवर: 1 लाख 5 हजार. नफा 80 हजार आणि कर 1 लाख 5 हजार. मालकाने पदरचे 25 हजार घालायचे. आणि भाड्यात आणखी 80 हजार जाऊन नफा शून्य झाला असता, तरी कर तेवढाच, 1 लाख 5 हजार.

नवीन अशिलाला हे पहिल्यांदा सांगते तेव्हा त्याला वाटतं माझ्याच गणितात चूक आहे. ओकलंडमध्ये एका बाईंनी घर गहाण ठेवून दुकान काढलं होतं. पहिल्या वर्षी घासाघीस करून जेमतेम फायद्यात आल्या होत्या. त्यांच्यासमोर विवरणपत्र ठेवलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेऊन स्वतः बेरीज केली. मग पुन्हा केली. त्या दिवसानंतर मी नियम केला: कोणीही दुकान काढायच्या विचाराने आलं, की जागा बघण्याआधी, परवान्याचा अर्ज भरण्याआधी हा हिशेब मांडून द्यायचा.

शेतकऱ्याला या कलमाचा चटका कमी बसतो, कारण मजुरी, खत, हरितगृहाची वीज हे सगळं माल तयार करण्याच्या खर्चात धरता येतं. दुकानदाराकडे खरेदीचं बिल आणि माल आणण्याचं भाडं एवढंच असतं. म्हणून धंद्याची रचना ठरवताना आम्ही पहिल्यांदा हे बघतो की कोणता माणूस, कोणती जागा, कोणतं काम उत्पादनाच्या बाजूला प्रामाणिकपणे दाखवता येईल. प्रामाणिकपणे हा शब्द मी मुद्दाम वापरते. सॅन फ्रान्सिस्को खाडीभागातल्या एका संस्थेने 2007 मध्ये रुग्णसेवा हा आपला वेगळा व्यवसाय आहे असं सिद्ध करून त्याच्या खर्चाची वजावट मिळवली. तेवढ्यावरून अनेकांनी काउंटरशेजारी योगवर्ग, टी-शर्ट, चहा असं काहीबाही सुरू करून सगळा खर्च तिकडे ढकलला. कोर्टांनी पुढे एकामागून एक ते दावे फेटाळले. गांजा परिशिष्ट 3 मध्ये न्यायचा प्रस्ताव मे 2024 मध्ये मांडला गेला, तेव्हा या धंद्यातल्या लोकांना सर्वांत मोठी आशा वाटली ती औषधी संशोधनाची नव्हती. 280 ई परिशिष्ट 1 आणि 2 पुरतंच आहे, आणि 3 मध्ये गेलं की त्याचा फास सुटतो, ही ती आशा होती.

आता चोरट्या विक्रेत्याच्या बाजूने बघा. त्याला पावतीवरचे 39 टक्के नाहीत, आयकर नाही, प्रयोगशाळेची फी नाही, प्रत्येक रोपाला लावायची टॅग नाही. परवानाधारक जो काही खर्च करतो, तो चोरट्याचा आयता फायदा ठरतो. तो भाव थोडा कमी ठेवतो आणि उरलेलं खिशात घालतो. कर वाढला की त्याचं राहणीमान सुधारतं.

रोख रकमेचं आणखी एक ओझं आहे. केंद्राच्या भीतीने बहुतेक बँका या धंद्याचं खातं उघडत नाहीत. उघडतात त्या भरमसाट शुल्क घेतात. माझ्या सुरुवातीच्या काळात एका अशिलाबरोबर तिमाहीचा कर भरायला गेले होते. रक्कम मोठी, सगळी वीसच्या नोटांत, रबरबँड लावलेल्या गड्ड्या दोन खेळाच्या बॅगांत भरलेल्या. करखात्याच्या कार्यालयात आधी वेळ ठरवून घ्यावी लागायची. काचेपलीकडे मोजणीचं यंत्र फडफडत होतं, आणि गड्ड्या फोडताच त्या खोलीत दुकानाचा वास पसरला. तिमाहीचा कर पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत भरायचा असतो. मुदत चुकली तर थकलेल्या रकमेच्या 50 टक्के दंडाची तरतूद कायद्यात आहे. त्यामुळे ज्याच्याकडे खातं नाही तो आठवडेच्या आठवडे घरात, तिजोरीत, पोटमाळ्यावर सरकारचे पैसे सांभाळत बसतो. दरोड्याची धास्ती असते ती वेगळीच. कराच्या कुठल्याही तक्त्यात हा खर्च दिसत नाही.

शेतकऱ्याची गोष्ट वेगळी आहे, आणि मला सगळ्यात जास्त लागली ती तीच. 2016 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन 64 या कायद्याने सज्ञानांसाठी गांजा कायदेशीर केला आणि 1 जानेवारी 2018 पासून विक्री सुरू झाली. त्यातच शेतीवरचा कर होता: वाळलेल्या फुलाच्या औंसाला 9.25 डॉलर. वजनावर, किमतीवर नाही. महागाई निर्देशांकाप्रमाणे तो वाढायचा, म्हणून 2020 मध्ये 9.65 झाला आणि 2022 मध्ये 10.08. पाउंडाचा भाव हजार-दीड हजार डॉलर असताना कोणी कुरकुर करत नव्हतं. मग मोठमोठी हरितगृहं आली, माल उदंड झाला आणि 2021 च्या शरद ऋतूत भाव कोसळला.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनोच्या डोंगरात माझं एक अशील जोडपं होतं. वर्षानुवर्षं लपूनछपून पिकवत आलेले, कायदा आल्यावर पहिल्या झटक्यात परवाना घेणारे. पाण्याचा परवाना, नाल्याची दुरुस्ती, रस्त्याचं काम, सगळं त्यांनी केलं. त्या हंगामात त्यांचा 200 पाउंड माल पाउंडाला 400 डॉलरने गेला, म्हणजे 80 हजार. शेतीकर औंसाला 9.65, म्हणजे 16 औंसांच्या पाउंडाला 154 डॉलर 40 सेंट, एकूण 30,880. वितरकाने तो कापूनच पैसे दिले. जवळपास 39 टक्के, तेही एकूण रकमेचे, आणि अजून मजुरीचा हिशेब व्हायचा होता. त्यांच्या खालच्या अंगाला एक जण बिनपरवाना पिकवत होता. त्याने तोच 400 चा भाव घेतला आणि चारशेच्या चारशे ठेवले. भाव पडला की किमतीवरचा कर आपोआप उतरतो. वजनावरचा कर जागचा हलत नाही, आणि इथे तर निर्देशांकाने वर चढला. जुलै 2022 पासून हा कर रद्द झाला. त्या दोघांनी त्या वसंतात लागवडच केली नव्हती.

कॅनडाने हीच चूक दुसऱ्या तऱ्हेने केली. 17 ऑक्टोबर 2018 ला तिथे गांजा खुला झाला. अबकारी कर ग्रॅमला 1 डॉलर किंवा 10 टक्के, यांतला जो जास्त असेल तो. ग्रॅमची किंमत 10 डॉलर धरली तर दोन्ही सारखेच. पण घाऊक भाव त्याच्या निम्म्याच्याही खाली गेला आणि 1 डॉलर तसाच राहिला. आज तिथल्या उत्पादकांवर अबकारी कराची कोट्यवधी डॉलरची थकबाकी आहे. न्यूयॉर्कने तिसरीच वाट धरली: मालातल्या टीएचसीच्या, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाच्या, दर मिलिग्रॅमवर कर. त्यात प्रत्येक खेपेच्या तपासणी-अहवालावरून कराचं गणित मांडायचं. एकीकडे परवाने देण्यात अतोनात दिरंगाई, दुसरीकडे रस्तोरस्ती बिनपरवाना दुकानं. जून 2024 मध्ये तो कर काढून घाऊक किमतीवर साधा 9 टक्के लावला, तेव्हा हिशेब लिहिणाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

याच्या उलट उदाहरण वॉशिंग्टन राज्याचं, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. तिथे आधी तीन टप्प्यांवर प्रत्येकी 25 टक्के कर होता. तो डोईजड झाल्यावर 2015 मध्ये सगळे टप्पे काढून किरकोळ विक्रीवर एकच 37 टक्के ठेवला. दर ऐकून छाती दडपते. पण कर एकाच ठिकाणी, किमतीवर, आणि पुरवठा भरपूर असल्याने मूळ भाव कमी. तिथला कायदेशीर बाजार कॅलिफोर्नियापेक्षा बराच सावरला. म्हणून मी दरावर भांडत नाही. मिशिगनने 10 टक्के अबकारी आणि 6 टक्के विक्रीकर एवढ्यावर मोठा बाजार उभा केला होता. रस्त्यांसाठी पैसे हवेत म्हणून जानेवारी 2026 पासून तिथे घाऊक व्यवहारावर 24 टक्क्यांचा नवा कर बसला आहे. घाऊक टप्प्यावरचा कर किरकोळ किमतीपर्यंत फुगत जातो, कारण दुकानदार आपला नफा करासहित किमतीवर धरतो.

गांजावरचा कर आणि चोरटा माल यांचा संबंध आपल्याकडे नवा नाही. 1893 साली ब्रिटिश सरकारने भारतात गांजा-भांग-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यांनी मुंबई इलाख्यासह देशभर फिरून हजारावर साक्षी घेतल्या. 1894 च्या अहवालात त्यांनी सरसकट बंदी नको असं सांगितलं आणि चार उपाय सुचवले: पुरेसा कर, परवान्याशिवाय लागवडीला बंदी आणि ती एकाच भागात एकवटणं, दुकानांच्या संख्येवर मर्यादा, आणि जवळ बाळगण्याच्या मालावर मर्यादा. इंग्रजांना महसूल हवा होता, यात शंका नाही. पण कर एकट्याने टिकत नाही, लागवडीपासून दुकानापर्यंत नजर असेल तरच टिकतो, हे त्यांच्या चार उपायांच्या जोडणीतच दिसतं. कॅलिफोर्नियाने कर आधी बसवला आणि नजर नंतर शोधली.

आता जे कराच्या माथी मारता येत नाही ते. राज्यातल्या निम्म्याहून अधिक शहरांत आणि काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, किरकोळ विक्रीला परवानगीच नाही. जिथे तासभर गाडी हाकल्याशिवाय कायदेशीर दुकान नाही, तिथे कर शून्य केला तरी लोक ओळखीच्याकडूनच घेणार. दुसरं, कॅलिफोर्नियात पिकतो त्याचा मोठा हिस्सा चोरवाटेने दुसऱ्या राज्यांत जातो, जिथे भाव कितीतरी जास्त आहे. कायदेशीर माल राज्याची सीमा ओलांडू शकत नाही. तो चोरटा शेतकरी आपल्या दुकानाशी स्पर्धाच करत नाही, त्याला इथल्या कर-कपातीने काय फरक पडणार? राज्याच्या गांजा-नियंत्रण विभागासाठी तयार झालेल्या 2025 च्या बाजार-अहवालात अंदाज असा होता की कॅलिफोर्नियात ओढल्या जाणाऱ्या गांजापैकी सुमारे 38 टक्केच परवानाधारकांकडचा असतो. कायदा होऊन आठ-नऊ वर्षांनी हा आकडा. या सगळ्याचं मूळ करात नाही. पण जिथे दुकान आहे, माल आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे, तिथे ते पाठ फिरवतं ते करामुळे, आणि तेवढं तरी आपल्या हातात आहे.

मग कर कमी करा म्हणून मोकळं व्हायचं का? इथे माझं मन खरोखर दुभंगतं. या पैशातून राज्यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांच्या मुलांची पाळणाघरं चालतात, तरुणांच्या व्यसनमुक्तीची कामं चालतात, बेकायदा शेतीने नासलेल्या जंगलांची आणि नाल्यांची साफसफाई होते. त्या संस्थांचे लोक करकपातीला विरोध करतात तेव्हा ते चुकीचं बोलत नसतात. शेतीकर रद्द करताना त्यांच्यासाठीच तडजोड झाली होती: बुडालेला महसूल भरून काढायला अबकारी कर पुढे 19 टक्क्यांपर्यंत वाढवता येईल. त्याप्रमाणे 1 जुलै 2025 ला तो 19 टक्के झालाही. मी सुरुवातीला दिलेली पावती त्या दराने 57 डॉलर 47 सेंटची होते. पण ज्या दुकानाला टाळं लागलं त्याच्याकडून पाळणाघराला काय मिळणार? माझं मत विचाराल तर नव्या बाजारात कर आधी हलका ठेवावा, किमतीवर ठेवावा, एकाच ठिकाणी घ्यावा, आणि गिऱ्हाईक कायदेशीर दुकानाला सरावल्यावर वर्षागणिक आधीच जाहीर केलेल्या पायऱ्यांनी वाढवावा. उलट्या क्रमाने केलं की गिऱ्हाईक परत आणायला दसपट कष्ट पडतात.

एक गोष्ट इथल्या मराठी मंडळींसाठी, कारण दर काही महिन्यांनी कोणीतरी फोन करतंच. राज्यात कायदेशीर आहे म्हणून दुकानात पैसे गुंतवू नका, नोकरी धरू नका, निदान नागरिकत्व मिळेपर्यंत तरी नाही. केंद्राच्या नागरिकत्व विभागाने एप्रिल 2019 मध्येच स्पष्ट केलंय की राज्याच्या कायद्याने मान्य असलेला गांजाचा व्यवहारही नागरिकत्वाच्या अर्जात आडवा येऊ शकतो. एच-1बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा, माझ्याकडे नंतर या. तुमच्या मालकीचा गाळा भाड्याने मागायला कोणी आलं, तरी हेच.

अबकारी कर 19 टक्क्यांवर फार काळ राहिला नाही. सप्टेंबर 2025 मध्ये नवा कायदा झाला आणि 1 ऑक्टोबरपासून दर पुन्हा 15 वर आला, 30 जून 2028 पर्यंत. ओकलंडच्या त्या बाईंचा 30 सप्टेंबरला रात्री मला फोन आला. बिलाच्या यंत्रात मध्यरात्री दर बदलायचा होता आणि दोन्ही दरांची विक्री वेगळी कशी दाखवायची ते विचारायचं होतं. ते समजावून झाल्यावर त्यांनी विचारलं, भाड्याचा नवा करार पाच वर्षांचा करू की 2028 पर्यंतचाच? मी म्हटलं, 2028 पर्यंतचा करा, आणि पुढच्या दोन वर्षांसाठी नूतनीकरणाचा हक्क लिहून घ्या.